पी व्ही = एन आर टी पाठ आहे, तरी गणितं का चुकतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 27 अंश सेल्सिअसला 2 लिटर असलेला वायू दाब न बदलता 54 अंशांपर्यंत तापवला, तर आकारमान किती? तापमान दुप्पट झालं म्हणून तुम्ही 4 लिटर लिहिलंत, उत्तरसूचीत 2.18 आहे, आणि आता बॉईल (तापमान कायम), चार्ल्स (दाब कायम), गे-लुसॅक (आकारमान कायम) या तिघांच्या वायुनियमांपैकी कुठे कुणाला बोलवायचं हेच कळेनासं झालंय. शिवाय गे-लुसॅकचं उदाहरण म्हणून तुम्ही कुकर दिलाय.

मी पुण्यात कोथरूडमध्ये घरीच अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेतो. दरवर्षी निम्मा वर्ग हेच 4 लिटर लिहितो. सूत्र तुम्हाला येतंय: दाब (पी) गुणिले आकारमान (व्ही) बरोबर वायूचं मोलमधलं प्रमाण (एन) गुणिले एक ठरलेला स्थिरांक (आर) गुणिले तापमान (टी). घोळ आहे तो मोजणी कुठून सुरू करायची याचा.

चार लिटर व्हायला तो वायू 327 अंशांपर्यंत तापवावा लागेल. त्या तापमानाला शिसं वितळतं! 54 अंश म्हणजे विसण न घातलेलं आंघोळीचं पाणी. सेल्सिअसमधलं शून्य ही पाणी गोठतं तिथे आपण सोयीसाठी ठोकलेली खुंटी आहे, वायूला तिच्याशी काही देणंघेणं नाही. दाब तोच ठेवून वायू थंड करत गेलात, तर 0 अंशाला त्याचं जेवढं आकारमान होतं त्याच्या 273व्या भागाने ते दर अंशाला घटतं, मग हायड्रोजन घ्या की नायट्रोजन. हिशोब तसाच रेटला तर उणे 273 ला काहीच उरत नाही. (खरं तर त्याच्या आधीच वायूचा द्रव होतो, पण आलेखावरची रेघ वाढवली की तिथेच टेकते.) वायूचं शून्य ते. तिथून मोजलं की 27 म्हणजे 300 केल्विन, 54 म्हणजे 327 केल्विन. वाढ फक्त शंभराला नऊ. 2 गुणिले 327 भागिले 300 म्हणजे 2.18.

दाबालाही असंच एक फसवं शून्य आहे, आणि त्यात मी स्वतः सापडलोय.

डिसेंबरात पहाटे टायरमध्ये 30 पाउंड हवा भरून आम्ही सोलापूर रस्त्याला लागलो. थंडी 10 अंशांच्या आसपास. दुपारी इंदापूरच्या अलीकडे पंपावर थांबलो तर गेजवर 37. हवेवाला म्हणाला, "साहेब, हवा जास्त झालीय, काढू?" आणि वीस वर्षं गे-लुसॅक शिकवणाऱ्या माणसाने मान डोलावली. चारही चाकं 30 वर. दुसऱ्या दिवशी सकाळी घराखाली गेज लावला, तर 24.

आता हिशोब बघा. टायरचं आकारमान जवळपास तेवढंच राहतं, त्यामुळे दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो. धावून आणि उन्हाने आतली हवा 55 अंशांना गेली असं धरू. सेल्सिअसच वापरलं तर 30 गुणिले 55 भागिले 10 म्हणजे 165 पाउंड. टायरच्या चिंध्या झाल्या असत्या. केल्विन वापरलं तर 30 गुणिले 328 भागिले 283, साधारण 35. पण गेज तर 37 दाखवत होता. राहिलं काय? गेज सांगतो तो बाहेरच्या हवेपेक्षा *जास्तीचा* दाब. पंक्चर झालेल्या टायरवर तो शून्य दाखवतो, पण त्या टायरातही बाहेरच्याइतक्याच दाबाची हवा असतेच. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, इथे हवेचा दाब 13.8 पाउंडांच्या जवळ. म्हणून सुरुवात 43.8 ने करायची. 43.8 गुणिले 328 भागिले 283 म्हणजे 50.8, त्यातून 13.8 वजा केले की 37. उलट बाजूने, गरम टायरची हवा 30 वर आणून तो गार होऊ दिला की बरोबर 24 येतात. करून बघा. टायरची हवा गार असतानाच तपासा असं गाडीच्या पुस्तकात लिहितात ते यासाठी. मी ते पुस्तक त्या दिवसानंतर उघडलं.

बॉईलचा नियम मात्र कागदावर शिकू नका. औषधाच्या दुकानातून 10 मिलीची सिरिंज आणा, सुई नको. दट्ट्या 10 वर ओढा, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि हळूहळू ढकला. 5 वर सहज येतो. आत दाब दुप्पट झालेला असतो, पण त्यातला एक पट बाहेरची हवाच तुमच्या बाजूने ढकलते. तुमच्या अंगठ्याला उरलेला एक पट, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास. 2 वर आणायचा तर आत पाचपट, अंगठ्याला चारपट, सातेक किलो. नख पांढरं पडतं आणि बहुतेकांच्या बोटाखालून फुस्स होतं. 1 वर आणायची पैज आमच्याकडे अजून कुणी जिंकलेलं नाही. जागा निम्मी झाली की तेच रेणू भिंतीवर दुप्पट वेळा येऊन आदळतात, एवढंच आत घडतंय. हळूहळू ढकला म्हटलं, कारण झटक्यात दाबलं तर हवा तापते आणि तापमान कायम ही अट मोडते. सायकलच्या पंपाचं बूड गरम होतं ते आठवा.

तीन नियम तीन वेळा पाठ करायची गरज नाही. बॉईलचा नियम 1662 चा. चार्ल्सने 1787 च्या सुमारास प्रयोग केले पण छापले नाहीत. 1802 मध्ये गे-लुसॅकने छापताना त्याचं नाव घेतलं म्हणून ते टिकलं. क्लापेरॉनने 1834 मध्ये सगळं एका समीकरणात बांधलं. तुम्ही त्या एकाच समीकरणापासून निघा. वायू तेवढाच असेल तर दाब गुणिले आकारमान भागिले तापमान हे आधी आणि नंतर सारखंच. गणितात जे बदलत नाही ते दोन्हीकडून खोडा; उरेल तो ज्याचा त्याचा नियम.

पुढच्या रविवारी सिंहगडावर जाणार असाल तर वेफर्सचं पाकीट खालून न्या. वरती ते टम्म फुगतं. गड साधारण 1,300 मीटरवर, पुण्यातला 950 हेक्टोपास्कल (म्हणजे मघाचेच 13.8 पाउंड) दाब तिथे 870 च्या आसपास येतो, म्हणजे पाकिटातली हवा नऊ टक्के पसरू बघते. वर पाचेक अंश गारही असतं, ते थोडं उलट ओढतं. 295 भागिले 300 केलं की निव्वळ वाढ सात टक्क्यांवर येते. पिठलं-भाकरी येईपर्यंत एवढा हिशोब होतो.

तेच 22.4 लिटरचं. एक मोल (म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या) वायूची ही जागा 0 अंश आणि 1 वातावरण दाबाची, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाची आहे. पुण्यात 27 अंशांना एक मोल हवा 26 लिटरच्या वर जागा घेते. मुलं 22.4 कुठेही चिकटवतात, तेवढं करू नका.

शेवटी कुकर, कारण तुम्ही ते उदाहरण दिलंय आणि अनेक वह्यांत ते गे-लुसॅकच्या नावावर असतं. मला ते पटत नाही. नुसती कोरडी हवा बंद डब्यात 27 वरून 120 अंशांना नेली तर दाब 393 भागिले 300, म्हणजे जेमतेम 1.3 पट होईल. कुकरमध्ये तो दोन वातावरणांच्या आसपास जातो, कारण पाण्याची वाफ सतत भर घालत असते. म्हणजे मोलची संख्या, तो 'एन', स्थिरच नसतो. घरातल्या गॅस सिलिंडरचंही तेच. आत द्रव आहे तोवर दाब ठरतो तो तापमानावर, 14.2 किलो गॅस असो की दोन, काही फरक पडत नाही. म्हणून गॅस किती उरला हे आई दाबावरून ओळखत नाही. ती सिलिंडरवर ओलं फडकं फिरवते आणि ओल कुठपर्यंत टिकून राहते ते बघते.