हिवाळा सरताना मधमाश्यांची पेटी तपासताय? आधी कान लावा

दारात मेलेल्या माश्या दिसल्या म्हणून घाबरू नका. हिवाळाभर साचलेली मढी जिवंत माश्याच बाहेर ओढून टाकतात. उलट दार अगदी स्वच्छ आणि शांत असेल तर मला जास्त शंका येते.

थंडीत तपासणीसाठी झाकण उघडायचं नाही. पेटीला कान लावून बोटाने एक टिचकी मारा. क्षणभर गुंजारव उठून विरला, तर वसाहत शाबूत आहे. मग पेटी मागून जराशी उचलून वजनाचा अंदाज घ्या. हलकी लागली तर वेळ दवडू नका. राणी आता अंडी घालू लागते, पिल्लांसाठी गाभ्यात ३४–३५ अंश ऊब राखावी लागते, त्यामुळे मध झपाट्याने संपतो. ऐन थंडी तगून नेमक्या याच दिवसांत वसाहती उपाशी मरतात. पातळ पाक नको, घोळक्याच्या थेट वर घट्ट साखर ठेवा.

ऊन पडून पारा १०–१२ अंशांवर गेला की माश्या विष्ठेसाठी बाहेर पडतात, तेव्हा येरझारा बघा. पूर्ण तपासणी आणखी उबेत.

पेटी मेलेलीच निघाली तर आतल्या पोळ्यांच्या चौकटी बघा. कोठड्यांत डोकी खुपसलेल्या माश्या म्हणजे बहुधा उपासमार. दार लगेच बंद करा, नाहीतर शेजारच्या माश्या उरलेला मध लुटतील, रोग असेल तर तोही नेतील.