वस्ती, ठाणं आणि नोंदवही : संशोधनाला निघालेल्या मुलीस पत्र

सातारा

प्रिय मुली,

तुझा आराखडा दोनदा वाचला. विमुक्त, म्हणजे ब्रिटिश कायद्यानं एकेकाळी जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमाती. विषय महत्त्वाचा आहे, पण 'सातारा-सांगली जिल्ह्यांतील विमुक्त जमाती आणि पोलीस' हे शीर्षक एका आयुष्याला पुरेल एवढं मोठं आहे. आधी ते कापू या. दोन पोलीस ठाणी घे, कारवाईचा एकच प्रकार घे आणि पाच वर्षं घे. एक ठाणं माण, खटाव, जत किंवा आटपाडी अशा दुष्काळी तालुक्यातलं असू दे. दुसरं कराड, वाळवा किंवा पलूस अशा ऊसपट्ट्यातलं. कारवाई म्हणून प्रतिबंधक कारवाई निवड. खून-दरोड्याचे गुन्हे संख्येनं कमी असतात आणि प्रत्येकाची कथा निराळी असते. प्रतिबंधक कारवाईत मात्र गुन्हा घडण्याआधीच माणूस उचलला जातो, म्हणजे कोणावर संशय घ्यायचा हे यंत्रणाच ठरवते. तुला पाहायचं आहे ते नेमकं तिथं दिसतं.

आराखड्यातलं 'पोलिसांची मानसिकता तपासणे' हे उद्दिष्ट मात्र काढून टाक. मनात काय आहे ते तुला मोजता येणार नाही, आणि मोजण्याची गरजही नाही. लंडनमध्ये २२ एप्रिल १९९३ रोजी स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला आणि पोलिसांनी तपासाची हेळसांड केली. त्यावरच्या मॅकफर्सन चौकशीचा अहवाल १९९९ साली आला. संस्थात्मक वंशवाद म्हणजे लोकांना त्यांच्या रंगामुळे, संस्कृतीमुळे किंवा मूळ वंशामुळे योग्य सेवा देण्यात संस्थेला एकत्रितपणे आलेलं अपयश, अशी व्याख्या त्यात आहे; नकळतचा पूर्वग्रह, अज्ञान आणि अविचार हेही त्यात धरले आहेत. कोण्या एका अंमलदाराचा हेतू वाईट होता हे सिद्ध करण्याचं ओझं या व्याख्येनं संशोधकाच्या डोक्यावरून उतरवलं. अमेरिकेच्या न्याय खात्यानं २०१५ साली फर्ग्युसन शहराच्या पोलिसांवर जो अहवाल दिला, तोही याच दृष्टीनं वाच. लोकसंख्येत कृष्णवर्णीय ६७ टक्के, पण २०१२ ते २०१४ या काळात थांबवलेल्या वाहनांत ८५ टक्के आणि अटकेत ९३ टक्के. अहवाल एवढ्यावर थांबला नाही. नगरपालिका दंडाच्या उत्पन्नावर अंदाजपत्रक बांधत होती, हे कारण त्यानं कागदावर दाखवलं. आपल्याकडे ठाण्यावर दंडवसुलीचा असा भार नाही. पण गुन्हे उघडकीस आणण्याच्या प्रमाणाचा आणि प्रतिबंधक कारवाईच्या मासिक आकड्यांचा आहे. तुझा शोध तिथून सुरू होऊ दे.

जात आणि वंश एकच नव्हेत, ही भारत सरकारची भूमिका आहे. संयुक्त राष्ट्रांची वंशभेदविरोधी समिती मात्र जन्माधारित भेदभावही आपल्या कक्षेत धरते, आणि सराईत गुन्हेगार कायदा रद्द करून विमुक्त जमातींचं पुनर्वसन करा असं तिनं २००७ साली भारताला सांगितलं. हा वाद प्रबंधात एका परिच्छेदात मांड आणि पुढे जा. आपला इतिहास पुरेसा स्पष्ट आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, १९२४ चं त्याचं एकत्रित रूप, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द होणं आणि त्यापाठोपाठ १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा. जमात जन्मतः गुन्हेगार आहे, हे कायद्याच्या पुस्तकातून गेलं. ठाण्यातल्या यादीतून गेलं का, हा तुझा प्रश्न.

यादी म्हणताना तीन गोष्टींची गल्लत करू नकोस. सराईत गुन्हेगार कायद्याखालच्या नोंदीला ठरावीक मुदतीत वारंवार झालेली शिक्षा लागते. हिस्ट्रीशीट हे ठाण्याचं, नजर ठेवायच्या माणसांविषयीचं अंतर्गत कागदपत्र. त्याला शिक्षा लागतेच असं नाही. आणि वर्तमानपत्राला दिलेल्या प्रेसनोटमधला 'सराईत' हा शब्द कोणत्याच कायद्याला बांधलेला नसतो. बातम्यांवरून आकडे काढणारे संशोधक इथंच घसरतात. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात हिस्ट्रीशीटमध्ये मागास समाजांतल्या निर्दोष माणसांची नावं यांत्रिकपणे चढतात याची दखल घेतली. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालानं तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही हे पाहण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली. दोन्ही निकाल मुळातून वाच, बातमीतून नको.

आता कलमं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यामुळे जुने आणि नवे आकडे सरळ जोडता येत नाहीत. ताब्यात घेण्याचं जुनं १५१ आता १७० आहे. संशयितांसाठीचं १०९ आता १२८. सराईतांकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेण्याचं ११० आता १२९. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२, म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद स्थितीत सापडणं, आणि तडीपारीची कलमं ५५ ते ५७ ही तशीच आहेत. मी तुझ्या जागी २०१९ ते २०२३ हा काळ घेईन, म्हणजे संहिता एकच राहते. पण वर्षाची बेरीज करून मोकळी होऊ नकोस, महिनावार मांड. २०१९ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या, ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. पुढची दोन वर्षं टाळेबंदीची. निवडणुकीच्या तोंडावर सगळ्यांवरच प्रतिबंधक कारवाई वाढते. पुसेगाव, मांढरदेव, म्हसवड, खरसुंडी इथल्या यात्रांचे महिनेही वेगळे काढ. गर्दीच्या महिन्यांत कारवाई वाढली तर त्याला कारण आहे. ज्या महिन्यात यात्रा नाही, निवडणूक नाही, तेव्हाही एकाच वस्तीतून माणसं उचलली जात असतील तर ती नोंद मोलाची.

सगळ्यात अवघड भाग छेदाचा आहे. शंभरातले इतके पकडले, हे म्हणायला शंभर कोणते ते माहीत हवं. जनगणना अनुसूचित जाती-जमातींची संख्या देते. रामोशी, वडार, कैकाडी, पाल पारधी यांची देत नाही. तुरुंगांच्या राष्ट्रीय आकडेवारीतही विमुक्तांचा वेगळा गट नाही, ते इतर मागासवर्गात मिसळून जातात. म्हणून छेद तुलाच बांधावा लागेल. जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरात जातीची नोंद असते, तिथून मुलांची प्रवर्गनिहाय संख्या मुख्याध्यापकांच्या परवानगीनं मिळू शकते. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेची लाभार्थी यादी पाहा, ग्रामपंचायतीत घरांची नोंद पाहा, आणि वस्तीवर जाऊन घरं स्वतः मोज. हे चारही आकडे जुळणार नाहीत. किमान आणि कमाल अशा दोन्ही छेदांवर गणित कर. निष्कर्ष दोन्हीकडे टिकला तरच लिही.

आडनावावरून जात ठरवण्याची पद्धत इथं चालणार नाही. पवार, काळे, भोसले, शिंदे, चव्हाण ही आडनावं मराठ्यांत आहेत तशीच पारध्यांतही आहेत. संगणकाला यादी दिलीस तर तो अर्धी वस्ती देशमुखी वाड्यात नेऊन ठेवील. पत्त्यावरून जा, आणि अटकेच्या कागदात जातीचा उल्लेख असेल तर तो पाहा. पत्ता संदिग्ध असेल तर 'ठरवता आलं नाही' असा स्वतंत्र गट कर आणि तो लपवू नकोस. प्रवर्गही नीट लिही : फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, पाल पारधी आणि राजपारधी विमुक्त जातींत, कैकाडी विदर्भाच्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत, तर आपल्याकडे विमुक्त जातीत. ही बारीक बाब नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा फक्त अनुसूचित जाती-जमातींना लागू आहे. शेजारशेजारच्या दोन पालांवर तीच मारहाण झाली, तरी एकाला त्या कायद्याचं संरक्षण मिळतं आणि दुसऱ्याला नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, पण तो लिहिण्यात निम्मं यश असतं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. नावं मागू नकोस, संख्या माग : अमुक ठाण्यात कलम ११० खाली महिनानिहाय किती प्रस्ताव गेले, किती प्रकरणांत अंतिम बंधपत्र झालं, किती प्रस्ताव निकाली निघाले. दुसरा अर्ज तहसीलदारांकडे टाक, कारण चॅप्टर केस, म्हणजे बंधपत्राचं प्रतिबंधक प्रकरण, त्यांच्यापुढे चालते. तडीपारीसाठी तिसरा प्रांताधिकाऱ्यांकडे. ठाण्याचा आणि महसूलचा आकडा जुळला नाही, तर त्या फरकातच बरंच काही सापडतं. 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर हमखास येतं. त्यावर भांडत बसू नकोस. नोंदवहीची पाहणी करू द्या असा अर्ज कर, तो तुझा हक्क आहे. तपासात अडथळा येईल असं कारण दिलं, तर बंद झालेल्या प्रकरणांपुरतं मर्यादित कर. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्याच्या निर्णयानंतर ९० दिवसांत दुसरं. दुसऱ्या अपिलाला फार वेळ लागतो, तेव्हा सगळे अर्ज पहिल्या महिन्यातच गेले पाहिजेत.

संख्या मिळाली की परिणाम तपास. फर्ग्युसनमध्ये कृष्णवर्णीयांच्या गाड्यांची झडती दुपटीहून अधिक वेळा घेतली गेली, पण आक्षेपार्ह वस्तू सापडण्याचं प्रमाण गोऱ्या चालकांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी निघालं. संशयाचा उंबरठा कोणासाठी खाली आणला होता, ते एवढ्या एका तुलनेनं कळतं. आपल्याकडे झडतीची नोंद क्वचित मिळते, म्हणून चोरीच्या गुन्ह्यात अटक झालेल्यांचं पुढं काय झालं ते ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर ठाणं आणि गुन्हा क्रमांक टाकून पाहा.

इथं एक सापळा आहे आणि त्यात चांगले संशोधक अडकले आहेत. वस्तीतल्या आरोपींना शिक्षा होण्याचं प्रमाण जास्त दिसलं, तर 'म्हणजे पोलीस बरोबरच होते' असा अर्थ काढू नकोस. जामिनाला ऐपतदार जामीनदार लागतो, त्याचा सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो. ज्याच्या नात्यागोत्यात कोणाकडे गुंठाभर जमीन नाही, तो किरकोळ चोरीत महिनोन्‌महिने आत राहतो आणि शेवटी गुन्हा कबूल करून, भोगलेल्या कैदेवर सुटून येतो. ती शिक्षा कायमची चिकटते. नव्या संहितेच्या कलम ४७९ नं पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याला त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेची एक तृतीयांश मुदत झाल्यावर सोडण्याची तरतूद केली, पण आधी शिक्षा झालेल्याला ती मिळत नाही. सुटण्यासाठी दिलेली कबुली पुढच्या वेळी जास्त काळ आत ठेवते, आणि ठाण्यातल्या यादीला आधारही पुरवते. म्हणून शिक्षांचे दोन भाग कर, पुरावा तपासून झालेली आणि कबुलीवर झालेली. माझ्या मते तुझ्या प्रबंधाचं सगळ्यात मौल्यवान प्रकरण हेच होईल.

वस्तीवरच्या मुलाखतीत 'पोलीस त्रास देतात का?' असं विचारू नकोस. उत्तर एकतर 'नाही साहेब' येतं किंवा सगळ्या आयुष्याची कैफियत येते, आणि दोन्ही मोजता येत नाहीत. गेल्या दिवाळीपासून आजपर्यंत पोलीस किती वेळा आले, दिवसा की रात्री, गणवेशात होते का, कोणाला नेलं, कधी सोडलं, कागद दिला का, परत आणायला कोण गेलं, पैसे किती लागले, एवढंच विचार. तारखा आठवत नसतील तर ऊसतोडीचा हंगाम, यात्रा, पहिला पाऊस यांचा आधार दे. बायकांशी स्वतंत्र बोल. माणूस उचलला गेल्यावर ठाण्याच्या दारात त्या बसतात. तारीख-वार त्यांनाच पाठ असतात. बुडालेल्या दिवसाची मजुरी दे, सगळ्यांना सारखी दे आणि तसं प्रबंधात लिही.

गुन्ह्याविषयी काहीही लिहून घेऊ नकोस. संशोधकाच्या टिपणांना आपल्या कायद्यात संरक्षण नाही, न्यायालय किंवा पोलीस ती मागवू शकतात. नावांच्या जागी क्रमांक ठेव, क्रमांकांची किल्ली वेगळ्या ठिकाणी कुलपात ठेव, वस्तीचं नाव प्रबंधात देऊ नकोस. ऑडिओ शक्यतो नकोच. विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी क्षेत्रकामाआधी घे, नंतर नव्हे.

पोलिसांशीही तेवढ्याच आदरानं बोल. अधीक्षकांची लेखी परवानगी घे आणि बीट अंमलदारांशी कामाविषयी बोल : चोरीची फिर्याद आली की पहिलं नाव कुठून येतं, पोलीस पाटील काय सांगतात, महिनाअखेरीस कोणता आकडा वर पाठवावा लागतो. संशय नेहमी ठाण्यातच जन्मतो असं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्यात मुलं पळवणारे समजून चार साधूंना मारहाण केली ती गावकऱ्यांनी. गावाचा फोन, पोलीस पाटलाचं बोट आणि ठाण्याची यादी या तिन्हींची साखळी तुझ्या आकृतीत आली पाहिजे.

शिफारशी थोड्या कर, आणि प्रत्येक शिफारशीपुढे ती अमलात आणू शकणाऱ्या अधिकाऱ्याचं पद लिही. 'पोलिसांना संवेदनशील करावे' असं लिहू नकोस. वस्तीवरच्या प्रत्येक चौकशीची वेळ, कारण आणि अंमलदाराचा क्रमांक यांसह नोंद ठेवून एक प्रत त्या माणसाला द्यावी, हे अधीक्षक आपल्या परिपत्रकानं करू शकतात. हिस्ट्रीशीटचा ठरावीक मुदतीनं आढावा घेऊन शिक्षा नसलेली नावं वगळावीत, हेही त्यांच्याच हातात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंग सैनी निकालानं २०२० साली ठाण्यांतलं सीसीटीव्ही चित्रण १८ महिने, आणि ते शक्यच नसेल तर किमान वर्षभर जपायला सांगितलं आहे. दोन्ही ठाण्यांत ते किती दिवसांचं सापडतं ते लिही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची जिल्हा दक्षता समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तीन महिन्यांतून एकदा तरी बसायला हवी. विमुक्तांच्या तक्रारींना असं व्यासपीठच नाही, ते मागायला तुझे आकडे उपयोगी पडतील.

मसुदा छापण्याआधी दोन्ही वस्त्यांवर मराठीत वाचून दाखव, आणि ज्यामुळे कोणी ओळखू येईल असं त्यांना वाटेल ते काढ. मगच अधीक्षकांना प्रत दे आणि उत्तरासाठी तीन आठवडे ठेव. त्यांचं म्हणणं परिशिष्टात जसंच्या तसं छाप, पटलं नाही तरी.

तहसीलदारांच्या अर्जाचा मसुदा आधी कर आणि माझ्याकडे पाठव. कालावधी आणि कलम अर्जाच्या पहिल्याच ओळीत येऊ दे.

तुझ्या कामाकडे डोळे लावून असलेला,
एक जुना संशोधक