कुलगुरूंचं कौतुक माझ्यासाठी नव्हतंच!

दीक्षान्त समारंभाचे दिवस आले की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलांकडून एक तक्रार हमखास येते. ‘कुलगुरू म्हणाले, तुम्ही सगळे आमचा अभिमान आहात. ऐकून पोटात गोळाच आला. ते काही मला उद्देशून नव्हतं.’ कुणी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवताना मान खाली घालतं, कुणी समारंभाला जायचंच टाळतं. बरं, ही सगळी काठावर पास झालेली मुलं असतात असंही नाही. पदक घेऊन आलेल्यांच्या तोंडूनही मी हेच ऐकलं आहे.

त्यातल्याच एका मुलीची ही गोष्ट. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडिलांच्या आजारपणात तिचे विषय राहिले आणि पदवी हातात यायला एक वर्ष जास्त लागलं. कुलगुरूंनी सगळ्या नव्या पदवीधरांना पत्र पाठवलं होतं. तुमच्या कष्टांची, चिकाटीची विद्यापीठाला जाणीव आहे, अशा अर्थाचं. आईने ते कौतुकाने कपाटाच्या दारावर चिकटवलं, हिने रात्री फाडून टाकलं. घरात रडारड झाली आणि आई तिला माझ्याकडे घेऊन आली.

“काय खटकलं पत्रात?”

“खोटं आहे ते. कुलगुरू मला ओळखतसुद्धा नाहीत.”

“खरंय. नाहीच ओळखत.”

ती गोंधळली. मी समजूत घालीन अशी तिची तयारी असावी. आल्याआल्या समजूत घालणं मी कटाक्षाने टाळते. घरच्यांनी ते करून झालेलंच असतं, आणि समजूत घालू लागलं की समोरचा माणूस स्वतःविरुद्धचे पुरावे आणखी हिरिरीने मांडू लागतो.

पुढच्या काही भेटींत खरी अडचण कळली. नोकरीच्या अर्जात पदवीचं वर्ष लिहावं लागतं, म्हणून तिने एकही अर्ज पाठवला नव्हता. पत्राचा राग हा वरवरचा होता. मुळात ‘कौतुक करून घ्यायचं तर आधी काहीतरी असामान्य करून दाखवलंच पाहिजे’ हा तिचा स्वतःपुरता कायदा होता.

मग एकदा मी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. “तुझ्या बॅचमधली आठवतील ती नावं लिही. आता तू कुलगुरू. ज्यांना हे पत्र जायला नको होतं त्यांच्यावर काट मार.”

नावं लिहून होताच तिने पहिली काट मारली ती स्वतःच्या नावावर. अगदी झटक्यात. मग पेन थांबलं.

“आणखी?”

“ह्याला माझ्याहून जास्त वर्षं लागली.”

“मग मार की.”

“नाही हो मॅडम! तो रात्रपाळी करून शिकायचा.”

“आणि ही?”

“हिला मार्क जेमतेमच पडले. पण प्रॅक्टिकलला अडलं की सगळे हिच्याकडेच जायचे.”

एकेक नाव पुढे सरकत गेलं. प्रत्येकासाठी तिच्याकडे काहीतरी सांगण्यासारखं होतं आणि सांगताना तिचा आवाज खुलत होता. शेवटी मी विचारलं, “आणि वडिलांचं दवाखान्यात सगळं बघून परीक्षा देणारी एखादी मुलगी असती तर?”

बराच वेळ ती कागदाकडे बघत राहिली. मग चिडून म्हणाली, “ही चीटिंग आहे हं, मॅडम.”

“कोण करतंय?”

ती हसली, लगेच डोळे भरून आले. “मीच. सगळ्यांना एक नियम आणि मला वेगळा.”

हे वाक्य मी पहिल्याच दिवशी ऐकवू शकले असते. तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन ते विसरली असती. ते तिच्या तोंडून येईपर्यंत थांबणं हेच माझं काम, आणि इतक्या वर्षांत ते मला बऱ्यापैकी जमू लागलं आहे असं म्हणायला हरकत नाही.

माझा ओढा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांकडे आहे, हे मी लपवत नाही. 1955 च्या सुमारास त्यांनी आपली उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली, आणि त्यातली एक गोष्ट मला आजही सर्वांत उपयोगी वाटते: माणसाच्या कृतींना गुण द्या, अख्ख्या माणसाला देऊ नका. म्हणून ‘तू ग्रेट आहेस’ असं मी तिला कधीच म्हटलं नाही. तिचा पेपर तपासून झालेला होता, गुणपत्रिका तिच्या नावानिशी तिच्याकडे होती. कुलगुरूंचं पत्र ही दुसरी गुणपत्रिका नव्हे. एका तुकडीने मिळून जे काम पुरं केलं त्याबद्दलची ती एका माणसाची भावना आहे, आणि त्या कामात तिचाही वाटा आहे. एवढं मान्य करायला असामान्य असावं लागत नाही.

पदक मिळवूनही ‘आपण सगळ्यांना फसवलं’ असं वाटणाऱ्यांबद्दल पॉलीन क्लॅन्स आणि सुझॅन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये लिहिलं. त्यांनी पाहिलेल्या स्त्रिया शिक्षणात आणि कामात यशस्वी होत्या, तरी यशाचं श्रेय नशिबाला किंवा परीक्षकांच्या चुकीला देत होत्या. अशा स्त्रियांना गटात एकत्र आणावं असं त्या दोघींनी आवर्जून सुचवलं, कारण स्वतःच्या विचारातली जी गफलत दिसत नाही ती दुसरीच्या बोलण्यात चटकन दिसते. माझ्या कोऱ्या कागदाने गटाचंच काम केलं. असं वाटणं हा आजार नव्हे, हेही सांगून ठेवते. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खचलेलंच राहिलं, झोप आणि भूक बिघडली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं तर त्याच दिवशी भेटा.

काही मुलांना हे कौतुक कर्जासारखं वाटतं. आता विद्यापीठाचं नाव मोठं करून दाखवायलाच हवं, म्हणून ती झोप उडवून घेतात. बाळांनो, आभार झालेल्या कामाचे मानले आहेत, पुढचे हप्ते कुणी ठरवलेले नाहीत. आणि आईवडिलांनो, ‘एवढा मोठा माणूस म्हणतोय, मग तुला काय होतंय?’ हे वाक्य टाळा. तुम्ही स्वतः काय पाहिलंत ते सांगा: किती रात्री ती जागली, कुठल्या पेपरनंतर जेवली नाही. (असं पत्र लिहिणाऱ्या कुलगुरूंनाही एक विनंती. ‘उशिरा पदवी घेतलेल्यांनो’ एवढा उल्लेख जरूर करा. चार विशेषणं कमी पडली तरी चालतील.)

त्या मुलीने नंतर वर्षासकट अर्ज भरले. मुलाखतीत त्या जास्तीच्या वर्षाबद्दल विचारलं गेलं, तिने दोन वाक्यांत कारण सांगितलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. ती नोकरी मिळाली नाही. मला हे फोनवर सांगत असताना ती दुसरा अर्ज भरत होती.