‘ब्रिज बदला’ म्हणजे गिटारला भोकं पाडा, असं होत नाही

प्रश्न : माझे मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी आणलेली १९६७ सालची गिब्सन ईएस-३३५ गिटार त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली. ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती धातूची पट्टी) मधोमध खचल्यामुळे मधल्या तारा झणझणत होत्या, म्हणून मुंबईतल्या एका दुरुस्ती करणाऱ्याकडे दिली. व्हॉट्सॲपवर ‘ब्रिज बदला, बाकी गिटार आहे तशी ठेवा’ असं लिहिलं होतं, त्याने अंगठा पाठवला. आता बघतो तर लाकडात मोठी भोकं पाडून वेगळ्याच जातीचा ब्रिज बसवलाय. जुना ब्रिज ‘भंगारात गेला’ म्हणतो. १५,००० पैकी ५,००० दिलेत, उरलेले दिल्याशिवाय गिटार देणार नाही म्हणतो. फसवणुकीचा गुन्हा दाखल करू का? (ठाणे)

उत्तर : पोलीस ठाण्याची पायरी तूर्त चढू नका. फसवणूक ठरायला सुरुवातीपासून लबाडीचा हेतू लागतो. या माणसाने काम बिघडवलंय, पण गिटार लुबाडायच्या इराद्याने घेतली असं तुमच्या पत्रातून दिसत नाही. ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं सांगून तुम्हाला परत पाठवतील आणि त्यात दोन महिने जातील.

तक्रार केलीत की समोरचा पहिलं वाक्य हेच म्हणणार : ब्रिज बदला म्हणाले, मी बदलला. त्याला उत्तर त्या लाकडातच आहे. तुमच्या गिटारवरचा मूळ ब्रिज एबीआर-१ जातीचा. तो साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीच्या दोन स्क्रूंवर उभा असतो आणि ते स्क्रू थेट लाकडात बसवलेले असतात. तुमच्या वर्णनावरून आता बसवलेला ब्रिज सत्तरच्या दशकात आलेल्या नॅशव्हिल जातीचा वाटतो. तो लाकडात ठोकलेल्या रुंद बुशवर (धातूच्या नळीवर) बसतो, म्हणजे जुनं भोक मोठं केल्याशिवाय बसतच नाही. पण जुन्याच स्क्रूंवर, एकही भोक न पाडता बसणारे एबीआर-१ मापाचे नवे ब्रिज बाजारात मिळतात. तेव्हा भोकं पाडणं ही कामाची गरज नव्हती, त्याची सोय होती. जुन्या वाद्याची किंमत मूळपणावर ठरते, हे त्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यातून तुम्ही ‘बाकी आहे तशी ठेवा’ असं लिहून बसला आहात. हे एक वाक्य तुमच्या पाठीशी नसतं, तर माझं उत्तर बरंच गुळमुळीत झालं असतं.

दुरुस्तीला दिलेली वस्तू म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे निक्षेप, म्हणजे ठरलेल्या कामापुरती दुसऱ्याच्या हवाली केलेली वस्तू. घेणाऱ्याने ती स्वतःची असल्यासारखी जपायची (कलम १५१) आणि काम झालं की परत करायची (कलम १६०). खचलेला जुना ब्रिजही तुमचाच. तो टाकून द्यायला तुमची परवानगी लागत होती.

गिटार अडवून ठेवण्याचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे त्याची बाजू अगदीच पोकळ नाही. कलम १७० कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घ्यायचा धारणाधिकार देतं. कायद्यातलं उदाहरण जवाहिऱ्याचं आहे : हिरा पैलू पाडायला दिला, त्याने सांगितल्याप्रमाणे पाडले, तर पैसे मिळेपर्यंत हिरा त्याच्याकडे. पण हा हक्क ठरलेल्या हेतूप्रमाणे काम केलं असेल तरच. तुमच्या सूचनेविरुद्ध केलेल्या कामाला तो लागू नाही असा युक्तिवाद चांगला आहे, आणि मी तो करेनही. पण तो जिंकेपर्यंत गिटार कुणाच्या दुकानात, पावसाळ्याच्या दमटीत राहणार? म्हणून माझा सल्ला असा की आधी त्याला लेखी कळवा, ‘काम मान्य नाही, हक्क अबाधित ठेवून रक्कम देत आहे’, मग १०,००० ऑनलाइन भरा आणि गिटार ताब्यात घ्या. तिथेच सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पावतीवर ‘काम समाधानकारक’ असं छापलेलं असेल, तर त्याखाली सही करू नका.

मग वकिलामार्फत नोटीस. तिचा उपयोग झाला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातच ती करता येते, मुंबईला खेटे घालायला नकोत. अधिकारक्षेत्र गिटारच्या किमतीवर नाही, सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरतं आणि पाच लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. निकाल तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो खरा, पण त्या भरवशावर दिवस मोजत बसू नका. आयोगाने मध्यस्थी सुचवली तर नाही म्हणू नका. असल्या वादात मला ती बऱ्याचदा निकालापेक्षा बरी वाटते.

मागायचं काय? गिटारची पूर्ण किंमत मागू नका, हसं होईल. वाद्य वाजतंय, फक्त मूळ राहिलेलं नाही. भोकं मेपलच्या खुंटीने बुजवून मूळ मापाचे स्क्रू बसवण्याचा खर्च, त्याच काळातला जुना एबीआर-१ मिळवण्याचा खर्च, दिलेले १५,००० आणि एवढं करूनही मूल्यात राहणारी घट, हे मागा. त्यासाठी दुसऱ्या जाणकार कारागिराचं लेखी मत शपथपत्रावर हवं, आणि घटीसाठी जुन्या वाद्यांचा व्यवहार करणाऱ्याचं मूल्यांकन. मानसिक त्रासाची रक्कम मागा, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. व्हॉट्सॲपचं संभाषण ज्या फोनवर आहे तो विकू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र वकील करून घेतील.

गिटार परदेशी कारागिराकडे पाठवायचा मोह झालाच, तर जरा थांबा. त्या काळच्या गिब्सनच्या फिंगरबोर्डला (तारा दाबायच्या पट्टीला) ब्राझिलियन रोझवूड असू शकतं. १९९२पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारावर साइट्स या धोक्यातल्या वन्यजीव आणि वनस्पतींच्या व्यापाराबाबतच्या कराराचे सर्वात कडक निर्बंध आहेत आणि विनापरवाना गिटार सीमाशुल्क खात्यात अडकली तर ते दुखणं ब्रिजपेक्षा मोठं होईल.

आणि एक, नवा ब्रिज आत्ताच काढू नका. वाजवताना कितीही डोळ्यांत खुपला तरी कारागिराचं मत आणि बुशचे जवळून घेतलेले फोटो हाती येईपर्यंत तो आहे तिथेच राहू द्या.