हाडे पूर्वजांचे गाव सांगतात का?

प्रश्न : आमच्या नाशिकच्या मातीच्या गढीवर आणि संगमनेरजवळील जोर्वे येथे 1950-51 मध्ये उत्खनन झाले, हे वाचले. प्राचीन सांगाड्यांवरून ती माणसे कोठून आली, हे खरोखर कळते का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : काही अंशी कळते, मात्र ‘वंश’ आणि ‘स्थलांतर’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दातांवरील कवच बालपणीच तयार होते व पुढे बदलत नाही, त्यामुळे त्यातील स्ट्राँशियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण त्या बालपणीच्या अन्नपाण्याची, म्हणजेच तेथील खडकांची, खूण जपते. आपल्या बेसॉल्टची (काळ्या पाषाणाची) ही खूण जुन्या ग्रॅनाइटच्या प्रदेशापेक्षा वेगळी असल्याने, परमुलखात वाढून येथे पुरलेला माणूस ओळखता येऊ शकतो. त्याचे पूर्वज कोण, हे मात्र दात सांगत नाहीत. त्यासाठी डीएनए लागतो, आणि तो आतल्या कानाभोवतीच्या अतिशय घट्ट हाडात सर्वांत चांगला टिकतो.

आपल्या उष्ण हवामानात तोही सहसा नष्ट होतो. हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळावरील साठहून अधिक नमुन्यांपैकी केवळ एका स्त्रीचा डीएनए उपयोगी पडला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तिच्यात युरेशियातील गवताळ स्टेप प्रदेशातील पशुपालकांचा अंश आढळला नाही. एका स्त्रीवरून साऱ्या सिंधू संस्कृतीचा निवाडा करणे मला घाईचे वाटते. जोर्वेवरून नाव पडलेल्या ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या, पुणे जिल्ह्यातील इनामगावात घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या रांजणांत बालके पुरलेली आढळली. पण ही रीत श्रद्धेविषयी बोलते, रक्ताच्या नात्याविषयी नव्हे.