वाचकांचे प्रश्न : नऊशे फोटो आणि एक शेपूट

प्रश्न : वाघ, जॅग्वार यांच्यासाठी जंगल राखलं की त्यात राहणारी लहान रानमांजरं आपसूकच राखली जातात. मग त्यांच्यासाठी वेगळे प्रकल्प आणि वेगळा पैसा कशाला?

उत्तर : हाच प्रश्न मला एकदा अनुदान समितीनं विचारला होता, तुमच्यापेक्षा बऱ्याच कडक आवाजात. तेव्हा मी गडबडले होते. आज सावकाश सांगते.

आग्नेय आशियातल्या बोर्निओ बेटावर आम्ही क्लाउडेड लेपर्ड या मोठ्या रानमांजरासाठी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले होते. लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्यांवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर. अडीच महिन्यांनी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, तर नऊशेच्या वर फोटो. निम्मे एका हलणाऱ्या पानाचे. त्या पानाची शीर न् शीर मला पाठ झाली. मग रानडुकरं, सांबर, आमच्याच सहकाऱ्याची पाठ. आणि एका फोटोत, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात, नुसतं एक शेपूट. जाड, झुबकेदार, संपतच नाही असं. मार्बल्ड कॅट, एक लहान रानमांजर! हिचं शेपूट जवळजवळ धडाइतकं लांब असतं, फांद्यांवर तोल सांभाळायला. बाकीचं मांजर चौकटीबाहेर निघून गेलं होतं.

मोठ्या मांजरासाठी लावलेला कॅमेरा मोठं मांजरच दाखवणार. लहान त्याच्या खालून जातं, नाहीतर डोक्यावरून. पुढच्या खेपेला ओढ्यावर आडव्या पडलेल्या ओंडक्यासमोर, वीतभर उंचीवर कॅमेरा बांधला. महिन्याभरात लेपर्ड कॅट, हेही लहान रानमांजरच, चारदा येऊन गेली. (ती रस्त्यावरही येते, पाम तेलाच्या मळ्यात शिरून उंदीरही मारते. खरं सांगायचं तर तिचं मला कौतुक उरलं नव्हतं.) पाचव्या आठवड्यात मार्बल्ड कॅट आली, या वेळी अख्खी.

मग राखण्याचं काय? तिथेही हेच होतं. फ्लॅट-हेडेड कॅट घ्या. वजन दोन किलोच्या आसपास, बोटांमध्ये पडदे, नख्या पुरत्या आत न जाणाऱ्या, खाणं मुख्यतः मासे. ती राहते सखल भागातल्या दलदलीच्या जंगलात आणि नदीकाठी. तिच्या मुलखात नेमकी हीच सपाट जमीन पामच्या मळ्यांना सोयीची, आणि राखून ठेवायला सोपे ते डोंगर. डोंगरावरचं जंगल कितीही कडेकोट राखलंत, तरी हिच्या वाट्याला त्यातलं काय येणार?

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत तर आणखी गंमत. तिथे ऑसेलॉट हे मध्यम आकाराचं ठिपकेवालं रानमांजर जिथे भरपूर, तिथे त्याहून लहान ‘मार्गे’ आणि ‘टायगर कॅट’ ही मांजरं विरळ. अभ्यासक याला ‘ऑसेलॉट परिणाम’ म्हणतात. म्हणून ऑसेलॉट कमी करा असं कुणी म्हणत नाही. पण तो वाढला म्हणजे सगळीच मांजरं सुखात, हा हिशेब चुकतो. टायगर कॅटची एक प्रजाती धरून आपण चाललो होतो. 2013 मध्ये तिच्या दोन झाल्या, 2024 मध्ये तिसरी सुचवली गेली. जमीन तेवढीच, वाटेकरी तीन. प्रत्येकीचा मुलूख आपल्या समजुतीपेक्षा लहान निघाला.

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे ते शिकारीसाठी लावलेल्या फासांच्या बाबतीत. ब्रेकच्या तारेचा फास हरणासाठी लावला तरी त्यात पाय कुणाचाही अडकतो. कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनाम मिळून संरक्षित जंगलांत 1 कोटी 23 लाख फास असावेत, असा डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेचा 2020 चा अंदाज आहे. वाघाच्या नावानं का होईना, गस्त पायी फिरून फास उपटत असेल तर त्याचा फायदा सगळ्यांना. तिथे मी वेगळा पैसा मागणार नाही.

मोजणीसाठी मात्र मागेन. ठिपकेवाल्या मांजराच्या दोन्ही कुशींवरची नक्षी वेगळी असते, म्हणून कॅमेरे समोरासमोर जोडीनं लावायचे; नक्षी जुळवली की मांजर ओळखू येतं. बे कॅटच्या अंगावर अशी नक्षीच नाही. ती फक्त बोर्निओत सापडते, रंग तांबूस नाहीतर राखाडी. 1856 मध्ये बोर्निओतल्याच सारवाकमध्ये मिळालेल्या कातड्यावरून आणि कवटीवरून प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी 1874 मध्ये तिला नाव दिलं. त्यानंतर अभ्यासकांच्या हाती जिवंत मादी आली ती थेट 1992 मध्ये, तीही मरणपंथाला लागलेली. कॅमेऱ्यासमोरून तीन वेळा गेली ती तीन मांजरं की एकच तीनदा, हे फोटोवरून कसं सांगणार? समितीला मी हेच विचारायला हवं होतं.

प्रश्न : मार्गे माकडाच्या पिल्लाचा आवाज काढून शिकार करते, हे खरं का?

उत्तर : आवाज काढल्याची नोंद आहे, शिकार साधल्याची नाही. 2005 मध्ये ब्राझीलमध्ये मानाउसजवळच्या डुके राखीव जंगलात पाइड टॅमरिन माकडांची टोळी अंजिराच्या जातीच्या झाडावर खात होती. मार्गेनं त्यांच्या पिल्लासारखा आवाज काढला. टेहळणीचं माकड चक्रावून खाली-वर करू लागलं, पण मांजर दिसताच त्यानं ओरडून सगळ्यांना सावध केलं आणि टोळी पसार झाली. नक्कल म्हणे बेताचीच होती. मला मार्गेच्या घोट्याचं जास्त अप्रूप वाटतं. मागचे पाय पार उलटे फिरवून ती खारीसारखी डोकं खाली करून खोडावरून उतरते. एवढं कसब अंगात, पण पिल्लू बहुधा एकावेळी एकच, तेही अडीच महिन्यांहून जास्त पोटात वाढवून. एक मादी मेली तर तिची जागा भरायला किती काळ लागेल, बघा.

प्रश्न : जंगलाच्या कडेला रानमांजराचं पिल्लू एकटं सापडलं तर?

उत्तर : उचलू नका, गायीचं दूध पाजू नका, मागे सरका. आई एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलते, त्यात एखादं काही तास एकटं राहतं. जखमी असेल किंवा आई शेजारी मेलेली दिसली, तर वनकर्मचाऱ्यांना कळवा.

आमच्यातल्या एका नवख्यानं असंच लेपर्ड कॅटचं पिल्लू शर्टात गुंडाळून तळावर आणलं होतं. तोंडभर कौतुकाची अपेक्षा होती बिचाऱ्याची. त्याला घेऊन दोन तास उलट चाललो, त्यानं मोडलेली एक फांदी सापडली तेव्हा जागा पटली. पिल्लू तिथेच मुळांच्या बेचक्यात ठेवलं, समोर कॅमेरा बांधला आणि मागे वळून न बघता निघालो. दुसऱ्या दिवशी कार्डात एकच कामाचा फोटो होता, पहाटे 2 वाजून 40 मिनिटांचा. आई पाठमोरी, आणि तिच्या जबड्याखालून लोंबणारे दोन इवलेसे मागचे पाय.