संशोधनाच्या कोर्सवर्कमध्ये नुसतं एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) शिकवलं, आता गुणात्मक पद्धत (आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यातून अर्थ शोधणारी) कुठून शिकू?

मुलाखत घेऊन. पुस्तकं नंतर. मीही याच खड्ड्यात होते.

निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांशी बोलायचं ठरवलं आणि चोवीस प्रश्नांची यादी घेऊन गेले. पहिल्या मावशींनी सुपातली पानं कातरत सगळी उत्तरं 'व्हय', 'न्हाई'त संपवली. चूक माझीच, ती मुलाखत नव्हती, शिरगणती होती. दुसऱ्यांदा एवढंच विचारलं, "कालचा दिवस कसा गेला, सकाळपासून सांगा." दीड तास बोलल्या.

रेकॉर्डिंग ऐकून शब्द न् शब्द स्वतःच उतरवा, पैसे देऊन करून घेऊ नका. तासाभराच्या रेकॉर्डिंगला माझे सहा-सात तास जात. पण मजुरीबद्दलचं "चालतंय की" मी आधी 'समाधान' म्हणून कोड केलं होतं, म्हणजे त्या तुकड्याला अर्थाचं तसं नाव दिलं होतं. परत ऐकताना त्याआधीची लांब शांतता कानावर आली आणि कोड बदलावा लागला. आपल्या सीमाभागात माणूस एकाच वाक्यात मराठीतून कन्नडात जातो. "अ‍ॅडजस्ट माडबेकु" (जुळवून घ्यावं लागतं) तसंच ठेवा, मराठी करून टाकू नका. भाषा नेमकी कुठे बदलली, हाही डेटाच आहे. (आणि इथं तुमचं आडनाव, गाव, भाषा विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही, तेही वहीत लिहा.)

विश्लेषणासाठी ब्रॉन आणि क्लार्क यांची २००६ ची सहा टप्प्यांची थीमॅटिक अ‍ॅनालिसिस (कोडमधून समान सूत्रं शोधण्याची पद्धत) सुरुवातीला पुरे. ग्राउंडेड थिअरीचं (डेटातूनच सिद्धांत उभा करण्याच्या पद्धतीचं) नाव उगाच लावू नका. त्यात डेटा गोळा करणं आणि विश्लेषण बरोबरच चालतं. सॉफ्टवेअरची घाई नको, रंगीत पेन्सिली चालतात.

गाइड "सॅम्पल एवढंच?" म्हणतीलच. नवीन मुलाखतीत नवं काही येईनासं झालं, हे वहीतून दाखवा.